चार इंच आणि एक सूत

आमचा ट्रेलर चार इंचांनी उंच करायचा, हा निर्णय घरात एकमताने झाला. ते एक मत माझं होतं.

ट्रेलर म्हणजे जीपच्या मागे जोडून ओढायचा, चारी बाजूंनी बंद असा पत्र्याचा डबा. आत शेगड्या, ओटा, फळ्या, आणि एका अंगाला वर उघडणारी खिडकी. तो माझ्या बायकोचा, विद्याचा. सोळा वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर तिने एक दिवस राजीनामा दिला आणि जाहीर केलं, की आता मी थालीपिठं, साबुदाणा वडे आणि अंबोडे करून लोकांच्या कार्यांना नेणार. (अंबोडे म्हणजे डाळीचे वडे. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांत अंबोड्यांवाचून झालेलं लग्न कायदेशीर धरत नाहीत!) मी मूळचा सांगलीचा, नोकरीसाठी म्हैसूरला आलो, इथलीच मुलगी केली आणि कुवेंपुनगरात सासऱ्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहू लागलो. सांगलीकर याला घरजावई म्हणतात. मी 'वरच्या मजल्यावर' म्हणतो.

ट्रेलर दिसायला देखणा, पण पोट जमिनीला टेकलेलं. कुवेंपुनगरात माणशी एक गतिरोधक असावा असा माझा अंदाज आहे. प्रत्येक गतिरोधकावर ट्रेलरचं पोट 'खर्रर्र' असं घासायचं आणि जीपमध्ये शेजारी बसलेली विद्या आपल्याच पोटावरून कुणी खवणी फिरवल्यासारखी कळवळायची.

त्यातच तिला पहिली मोठी ऑर्डर मिळाली. तिच्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन तलकाडजवळच्या मळ्यात होतं. रविवारी संध्याकाळचा फराळ, दीडशे माणूस. मळ्याकडे जाणारी शेवटची वाट वाळूची, दोन चाकोऱ्या आणि मध्ये भला उंचवटा. ट्रेलर त्या उंचवट्यावर बसला असता तर तिथल्या वाळूत गाडलेल्या देवळांत आणखी एकाची भर पडली असती.

"री, जमेल ना?" विद्याने विचारलं. (आमच्याकडे 'अहो'ला 'री' म्हणतात. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ती दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारतेय.) "हे एकदा नीट झालं ना, की पुढचं आपसूक होईल. नाही झालं तर शाळेत परत जायला तोंड नाही मला."

"तू फक्त अंबोडे बघ," मी म्हणालो. "उंची माझ्यावर सोड."

बसवण्णा नावाचे एक वयस्कर फॅब्रिकेटर आमच्या ओळखीचे. त्यांना घरी बोलावलं. ते ट्रेलरखाली अर्धे गेले आणि तिथूनच ओरडले, "सार, स्प्रिंगे इल्वल्ला!" म्हणजे साहेब, याला स्प्रिंगच नाही. त्यांना लोखंडी पाट्यांची सवय. पाट्याखाली ठोकळा सरकवला की गाडी उंच, असं त्यांचं चाळीस वर्षांचं शास्त्र. आमच्या ट्रेलरला टॉर्शन ॲक्सल होता. मी आदल्या तीन रात्री त्याच्या चित्रफिती पाहून पंडित झालो होतो, तेव्हा बसवण्णांना समोर बसवून वीस मिनिटं प्रवचन दिलं. म्हटलं, "बघा, या चौकोनी नळीत रबर कोंबलेलं असतं. वजन आलं की दांडी पिळते, रबर दबतं आणि गाडी खाली बसते. वजन उतरलं की रबर फुगतं आणि गाडी परत वर." बसवण्णा पानाचा तोबरा सांभाळत माना डोलावत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे ॲक्सल आणि चेसिसच्या मध्ये ठोकळा घालायचा. किती इंची, तेवढं सांगा."

हे प्रवचन कृपया लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

किती इंची, हे ठरायचं आमच्या पोर्चवरून. ट्रेलर पोर्चमध्ये उभा असायचा. पोर्चचा स्लॅब चांगला उंच आहे, पण तोंडाशी एक तुळई खाली उतरलेली आहे. ट्रेलर तिच्याखालून निघाला पाहिजे. म्हणजे ट्रेलरचं टप आणि तुळई यांच्यात जेवढी जागा तेवढाच ठोकळा. पहिलीतल्या मुलालाही जमेल असं गणित! विद्याने विचारलंही होतं, "मी मोजू?" मी म्हणालो, "तुला विश्वास नाही का माझ्यावर?" सोळा वर्षं गणित शिकवलेल्या बाईने यावर जे मौन पाळलं, त्याचा अर्थ मी 'आहे' असा घेतला.

माप घेतलं तो श्रावणातला वरमहालक्ष्मीचा शुक्रवार होता. त्या दिवशी सासूबाईंकडे दरवर्षी हळदीकुंकू असतं. यंदा त्यांनी फर्मान काढलं, "गाडी ही लक्ष्मीच की. यंदा बायकांना ट्रेलरमध्येच बसवायचं. सुम्ने बाहेर ठेवून शोभेला काय करायची ती?" (सुम्ने म्हणजे उगाच.) त्यांच्या भजनी मंडळाच्या बायका आल्या. आत ओट्यावर कलश, फळ्यांवर पानसुपारी, आणि खाली सतरंजीवर मंडळ. आरती सुरू झाली आणि नेमका बसवण्णांचा फोन आला, "सार, मी लोखंड कापायला बसलोय, माप द्या." मी फूटपट्टी घेऊन स्टुलावर चढलो. चार इंच आणि एक सूत. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ही भाषा मला सासऱ्यांनी शिकवली. ते निवृत्त ओव्हरसियर आहेत आणि अजूनही पोळीची जाडी सुतात सांगतात.)

"चार इंच!" मी फोनवर ऐटीत म्हणालो. "वर एक सूत मोकळं राहतंय, तेवढं पुरे."

ठोकळे तयार झाले, पण बसवण्णांना सवड मिळाली ती महिन्याभराने, ऑर्डरच्या आदल्या शनिवारी. त्यांनी पोर्चमध्येच काम केलं. जॅकवर ट्रेलर उचलला, ॲक्सलचे बोल्ट काढले, मध्ये ठोकळे घातले, लांब बोल्ट आवळले. जीपचा हुकही तेवढाच वर घेतला. संध्याकाळी ट्रेलर असा रुबाबात उभा राहिला, की मी त्याच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. बसवण्णा हात धुऊन बहिणीच्या गावी गेले. जाताना म्हणाले, "सोमवारी येतो, तोवर फोन लागायचा नाही."

रविवारी सकाळी नऊला मी जीप गेटात उलटी लावली, ट्रेलर जोडला, देवाचं नाव घेतलं आणि जीप पुढे काढली. ट्रेलर हातभर सरकला आणि 'टण्ण'!

उतरून पाहिलं. ट्रेलरचं टप तुळईला धडकलं होतं. एक सूत, दोन सूत नव्हे, चांगलं दोन इंच वर होतं.

"अय्यो!" सासूबाई.

"काय झालं हो?" विद्या पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"तुळई खाली आली," मी म्हणालो.

तीस वर्षांपूर्वी ती तुळई स्वतः उभं राहून घालून घेणारे माझे सासरे, मामा, आरामखुर्चीतून उठले. त्यांनी चष्मा पुसला, तुळईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू," ते म्हणाले, "तुळई जागची हलत नाही. तिला वरचा मजला पेलायचा असतो." वरच्या मजल्यावर कोण राहतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मग मी पराक्रमाला लागलो. म्हटलं, चाकांची हवा सोडू. मामा म्हणाले, "आणि भरणार कशाने? फुंकून?" म्हटलं, ठोकळे काढू. पाने बसवण्णांबरोबर गेले होते. म्हटलं, वजन घालू, पाण्याची पिंपं ठेवू. ट्रेलरचं मागचं मोठं दार भिंतीला लागलेलं आणि बाजूच्या बारक्या दारातून पिंप जाईना. दारात अडकलेलं पिंप सोडवण्यात अर्धा तास गेला, आणि त्यातलं पाणी माझ्या विजारीत.

विद्या पायरीवर बसली होती. मांडीवर अंबोड्यांच्या भिजल्या डाळीचं पातेलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती ट्रेलरकडे पाहत होती, आणि सोळा वर्षांच्या नोकरीचा राजीनामा देताना जी धीट दिसली होती, ती आता दहावीच्या निकालाला उभ्या मुलीसारखी दिसत होती. मला लाज वाटली. पोरीने एक स्वप्न पाहिलं आणि मी ते पोर्चमध्ये कोंडून ठेवलं. एकच्या आत निघालो नाही, तर तिथे दीडशे माणसं रिकाम्या द्रोणांकडे बघत बसणार.

मामा मात्र शांतपणे मोजत होते. ते माझ्याकडे वळले. "माप कधी घेतलंत?"

"वरमहालक्ष्मीला."

"तेव्हा ट्रेलरमध्ये काय होतं?"

"काही नव्हतं. रिकामाच होता. म्हणजे... बायका होत्या."

"किती?"

"बारा."

विद्याने पातेलं खाली ठेवलं. मला एकदम बसवण्णांना दिलेलं प्रवचन आठवलं. वजन आलं की रबर दबतं, गाडी खाली बसते. बारा बायका, कलश, पानसुपारी! ट्रेलर दोन इंच खाली बसला होता आणि मी वरून फूटपट्टी लावून ऐटीत एक सूत मोकळं सोडलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर हात दाखवून वर फोनवर कळवलंही होतं.

"सोपं आहे," मामा खुर्चीत परत बसत म्हणाले. "माप ज्यांच्यासकट घेतलंत, त्यांच्यासकट बाहेर काढा."

आता आली का पंचाईत? भजनी मंडळातल्या बायकांना फोन करून काय सांगायचं? 'काकू, तुमचं वजन जरा हवं होतं'? यापेक्षा तुळई फोडणं सोपं! मी शक्कल लढवली. प्रत्येकीला सांगितलं, की ट्रेलरच्या जाहिरातीसाठी मंडळाचा फोटो काढायचाय, लगेच या, ट्रेलरमध्ये बसायचंय.

अर्ध्या तासात कुवेंपुनगरातल्या रेशमी साड्यांची पेटी उघडल्यासारखं झालं. म्हैसूर सिल्क, मोगऱ्याचे गजरे, ठुशा. पण आल्या अकराच. बारावी लेकीकडे बंगळूरला गेली होती. मी त्यांना नमस्कार करत एकेकीला मनातल्या मनात तोलत होतो. (हे वाक्य छापून आल्यावर मला भजनी मंडळाच्या आळीतून जाता येणार नाही, याची जाणीव आहे.) कमलामावशी आल्या आणि मी हबकलो. त्या निम्म्या दिसत होत्या!

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं. "महिनाभर योगासनं चाललीत. पाच किलो उतरले!"

"अरेरे!" माझ्या तोंडून गेलं.

"काय?"

"नाही, म्हणजे... अरे वा!"

बायका आत चढल्या. ट्रेलर हळूहळू खाली बसू लागला. मामा स्टुलावर फूटपट्टी घेऊन उभे. एकेक चढली की ते आकडा सांगत, "दीड इंच राहिलं... सव्वा... एक..." आत सुशीलाकाकू विचारत होत्या, "हे री, मामा कसला लिलाव पुकारतायत?" मी म्हणालो, "कॅमेऱ्याचा कोन मोजतायत!" अकरावी बाई आत गेली. मामांनी तुळईखाली डोळा लावला आणि कुणाच्याही घरी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अजून दोन सूत! जावईबापू, वजन कमी पडतंय!"

खिडकीतून सुशीलाकाकूंचं तोंड बाहेर आलं. मंडळाच्या अध्यक्षा. आवाज असा, की आरती म्हणताना शेजारचा कुत्रा उठून जातो.

"वजन?" त्या म्हणाल्या. "कुणाचं वजन?"

"फोटोच्या कोनाचं..." मी सुरुवात केली. तेवढ्यात विद्या पुढे झाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता.

"काकू, फोटो वगैरे काही नाही. ह्यांनी माप चुकवलं. तुम्ही सगळ्या आत बसल्या होता तेव्हा मोजलं, आणि आता ट्रेलर बाहेर निघत नाही. माझी पहिली ऑर्डर आहे हो. तुम्ही बसलात तरच निघेल."

मी डोळे मिटले. अकरा रेशमी साड्या तरातरा उतरून जाण्याचा आवाज ऐकायची तयारी केली.

"मग आधी सांगायचं की ग!" सुशीलाकाकूंचा आवाज आला. "सुम्ने लटका फोटो कशाला? मी उगाच इस्त्रीचं लुगडं नेसून आले. ए पद्माक्का, तुझी ती भलीमोठी पर्स मांडीवर घे. कमला, तू कशाला उतरवलंस ग ते पाच किलो, आज नेमकं? विद्या, एक घागर पाणी आण. प्रत्येकी दोन-दोन तांबे प्यायचे. बघू कसा बसत नाही खाली!"

घागर आत गेली. अकरा जणी हसत, ठसका लागत पाणी प्यायल्या. आतून कुणीतरी म्हणालं, "लाडू असतील तर ते पण द्या, वजनदार असतात." सासूबाईंनी डबा दिला. मला त्या क्षणी त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं, खरंच सांगतो. एवढं खोटं बोललो, आणि एकीनेही तोंड वाकडं केलं नाही.

मामा तुळईखाली वाकले. "एक सूत," ते म्हणाले. "फक्त एक सूत राहिलं."

"मामींना बसवू?" मी म्हणालो.

"हिला गुडघ्यांमुळे चढवत नाही."

"मग तुम्ही?"

"मी मोजतोय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आता एक खुलासा केला पाहिजे. माझं वजन लग्नात होतं तेवढंच आहे, असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आलोय. विद्या वजनकाटा आणायचं म्हणते आणि मी घरात अडगळ नको म्हणतो.

"मी बसून काय होणार?" मी हसलो. "माझं ते काय वजन! आणि जीप कोण चालवणार?"

"मी चालवते," विद्या म्हणाली. "बसा आत."

बारक्या दारातून मी आत शिरलो. (पिंप अडकलं होतं तिथे मीही क्षणभर अडकलो, पण त्याचा उल्लेख कुणी केला नाही, हे मंडळाचे उपकार.) सुशीलाकाकूंनी सरकून सतरंजीवर जागा केली. मी खाली बसलो, आणि ट्रेलर असा काही दबला की वरची पळी खिळ्यावरून निसटून पडली.

बाहेरून मामांचा आवाज आला, पहिल्यांदाच जरा चकित झालेला. "दोन सूत खाली! एक सूत मोकळं! चल विद्या!"

"लग्नातलंच वजन वाटतं हे?" पद्माक्का म्हणाली. "दोघांचं मिळून असेल."

विद्याने जीप मुंगीच्या पावलाने काढली. खिडकीतून मला तुळई डोक्यावरून सरकताना दिसली, इतकी जवळ, की तिच्यावरचा जुना चुना मोजता आला असता. सगळ्यांनी श्वास धरला होता. मीही पोट आत घेतलं. (त्याने वजन कमी होत नाही हे तेव्हा सुचलं नाही.) मग एकदम उन्हाचा चौकोन आत आला आणि अकरा जणींनी गणपतीची आरती सुरू केली. शेजारचा कुत्रा उठून गेला.

आम्ही पाऊणला निघालो. वाळूच्या वाटेवर मधला उंचवटा ट्रेलरच्या पोटाखालून अलगद गेला, एकदाही खर्रर्र झालं नाही. विद्याने माझ्या हातावर हात ठेवला, आणि माझ्या सगळ्या मूर्खपणात ते चार इंच मात्र बरोबर होते याचं मला फार समाधान वाटलं. अंबोडे सहाच्या आत संपले. ऐंशी पार केलेल्या आजोबांनी स्वतः चार खाल्ले आणि पुढच्या कार्याला परत बोलावलं.

सोमवारी बसवण्णा आले. सगळं ऐकून ट्रेलरला टेकून हसत बसले. मग चाराचे ठोकळे काढून तीन इंचांचे घातले. त्याहून कमी केलं तर वाळूत पोट घासतं, जास्त केलं तर तुळई. आता भांडी, शेगड्या, सिलिंडर असं बारक्या दारातून जाणारं सगळं आधी भरलं की ट्रेलर जवळजवळ निघतो, एक सूत तेवढं कमी पडतं. त्याची सोय विद्याने करून ठेवली आहे. ट्रेलरच्या दाराला आतून तिने सामानाची यादी चिकटवली आहे, तिच्या वळणदार, फळ्यावरच्या अक्षरात. दर ऑर्डरला ती एकेक नाव वाचत बरोबरची खूण करते. शेगडी, सिलिंडर, कढया, झारे, पातेली.

आणि सगळ्यांत शेवटी: 'हे (फक्त गेटपर्यंत)'.